आडवी बैठक

परत आलेली गादी मामांनी मुद्दामच खोलीच्या मधोमध घातली होती, आणि प्रत्येकाने तिच्यावर पाठ टेकून पाहिल्यावाचून बैठक सुरू होणार नाही, असे बजावले होते. त्यामुळे त्या रविवारी दुपारी, जेवणे उरकून सारे घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर नमुन्यांच्या खोलीत जमले, तेव्हा आधी एकेकाने त्या गादीवर अंग टाकले आणि एकेक जण कमरेखाली हात घालून उठला. गादीच्या ऐन मध्यावर, उशापासून पायथ्यापर्यंत, बांध घातल्यासारखा एक उंचवटा होता.

“आता पडा,” मामा म्हणाले, आणि सारे आपापल्या नेहमीच्या गाद्यांवर आडवे झाले.

ही आजोबांची रीत. घराचा किंवा कारखान्याचा वाद उभ्याने घालायचा नाही, बसूनही नाही. नमुन्यांच्या गाद्यांवर सर्वांनी उताणे पडायचे, नजर छताला लावायची आणि मग काय भांडायचे ते भांडायचे. आडव्या माणसाला हातवारे साधत नाहीत, समोरच्याच्या तोंडावरची रेघ दिसत नाही, आणि आवाज चढवू म्हटले तर धाप लागते. या तर्कात खोट काढणाऱ्याला आजोबा एवढेच विचारत, की पडल्यापडल्या मारामारी करणारी दोन माणसे त्याने कुठे पाहिली आहेत काय. दुसरा नियम पहिल्याच्याच पोटातून निघाला होता: बैठकीत ज्याचा डोळा लागेल, त्याचा ठरावाला होकार धरायचा. आजोबांच्या हयातीत निम्मे ठराव या दुसऱ्या नियमानेच मंजूर झाले. ते गेल्यापासून मात्र एकही झाला नव्हता, कारण त्यांच्या जागी आलेल्या मामांना झोप अशी लागतच नसे. ‘गाद्या आपल्या आणि झोप गिऱ्हाइकाची,’ असे मावशी म्हणे, तेही मामांच्या देखत.

खिडकीशी पडलेल्या मामांच्या भाचीला घरात म्हातारी म्हणत. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि परीक्षा आटोपून दोनच दिवसांपूर्वी घरी आली होती. लहानपणी पिंजणाच्या खोलीत कापसाच्या ढिगावर ती झोपून जाई आणि केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पांढरे तंतू घेऊन बाहेर येई, वाऱ्यावर तरंगत येणाऱ्या सावरीच्या म्हातारीसारखी; तेव्हापासून ते नाव तिला चिकटले होते. आज यंत्रे बंद होती, तरी कापूस हवेत होताच. या इमारतीतली हवा कधीच नुसती हवा नसे. तिरप्या उन्हात पांढरे कण इतक्या सावकाश खाली येत होते, की ते पडत आहेत की वर चालले आहेत, हे बराच वेळ पाहूनही सांगता आले नसते. कॉलेजच्या वसतिगृहातल्या स्वच्छ, मोकळ्या हवेत तिला पहिले कित्येक महिने काहीतरी चुकल्यासारखे वाटे, आणि पुष्कळ दिवसांनी तिच्या ध्यानात आले होते की उन्हात काहीच तरंगत नाही.

“तर,” मामा छताला म्हणाले, “या उंचवट्याचे जनक कोण, ते सर्वांना ठाऊक आहे.”

भिंतीकडच्या गादीवर म्हातारीचे बाबा पोटावर हात बांधून शांत पडले होते. ते या घरचे जावई. कामाला म्हणून आले आणि घरचेच होऊन राहिले. कारखान्यात त्यांच्या हुद्द्याला नाव नव्हते. कोणाचे कोणाशी बिनसले, कोणाच्या घरी आजारपण आहे, नवा पोरगा टाके सैल का घालतो, जुनी बाई आठवडाभर गप्प का आहे, हे सारे बाबा बघत. कामगार त्यांना बापू म्हणत आणि घरातली मंडळी, थोडे मानाने आणि थोडे खोचकपणे, जावईबापू.

घडले होते ते असे. शिवणखान्याचा जुना मुकादम वयोमानाने कामावरून उतरला. त्याची जागा म्हणजे खालच्या दालनाच्या टोकाचे उंच स्टूल. तिथून सगळे हात दिसतात. ती जागा बाबांनी सकाळी सुईबाईंना कबूल केली, कारण त्यांच्या डोळ्यांना पाणी आले होते; आणि तीच जागा त्यांनी संध्याकाळी लंबूला कबूल केली, कारण तो सोडून जातो म्हणाला होता. सुईबाई शिवणाऱ्यांत सर्वांत जुन्या, आणि लंबू हा खोळी बेतणारा तरणा माणूस. दोन्ही वेळा बाबांचे बोलणे मनापासूनचे होते, आणि घोटाळा होता तो तिथेच. सोमवारी सुईबाई लवकर येऊन स्टुलावर बसल्या. लंबू आला, त्याने एकदा पाहिले, आणि दुपारी घरून स्वतःचे स्टूल घेऊन आला, ते वीतभर अधिक उंच. दालनाचे दोन तट पडले. डावीकडचे सुईबाईंच्या हुकमाने टाके घालू लागले, उजवीकडचे लंबूच्या. आणि एकच गादी दोन बाजूंनी शिवली जाऊन मधोमध दोन्हीकडचा कापूस एकमेकाला भिडून राहिला. एका वसतिगृहाने सगळा माल परत धाडला होता.

“दोघांनाही मी आज बोलावलंय,” मामा म्हणाले. “खाली बसलेत. उतरताना आपण त्यांना एक काय ते सांगायचं. पण त्याआधी मला दुसरं सांगायचंय.”

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे, की आता हे तोंडातोंडी चालणारे काम पुरे झाले. कारखान्याला मनुष्यबळ विभाग हवा. भरती, शिकवणी, तक्रारी, बढत्या, सगळे एका जागेवरून आणि एका माणसाकडून व्हायला हवे. आणि तो माणूस शोधायला बाहेर जायचे कारण नाही, कारण घरातल्याच पोरीने नेमके तेच शिकून घेतले आहे. जिन्याखालची खोली रिकामी करून तिला काचेचे दार बसवायचे. जावईबापूंनी यापुढे गोदाम बघावे. तिथे गाद्या असतात, माणसे नसतात. कोणाला काही कबूल करायचा प्रसंग येणार नाही.

शेवटचे वाक्य त्यांनी इतक्या सौम्य स्वरात म्हटले होते, की त्याची धार सर्वांना जरा उशिराच लागली.

काचेचे दार. म्हातारीने डोळे मिटले. हे दार तिने पहिल्या वर्षापासून पाहिले होते, तेही इतक्या वेळा, की मामा आता तिच्याच स्वप्नातून उचलून बोलत आहेत असे तिला वाटले. एक लहान मेज, दोन खुर्च्या, आणि काचेपलीकडे सावकाश उतरणारा कापूस. कोणीतरी दार लोटून आत येते आणि सांगू लागते, आणि ती ऐकते. वर्गात पहिल्या दिवशी, हा विषय का घेतलात, असे मॅडमनी विचारले, तेव्हा इतरांनी बरीच शहाणी उत्तरे दिली होती. कोणाला कंपन्यांच्या वतीने माणसे हेरायची होती, कोणाला विमानसेवेत नव्यांना तयार करायचे होते. मागच्या बाकावरच्या एकाने तर, मालकांची बाजू शिकून घेऊन पुढे कामगार संघटनेत जाणार, असे उघडच सांगितले होते. म्हातारी काहीच बोलली नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे बाबा होते, कापसाच्या धुक्यातून दालनाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चाललेले, आणि ते जातील तिथे माना वर होत होत्या. पुढे प्रत्येक धड्यात ते तिला भेटत राहिले. तक्रार निवारण आले, तिथे ते उकिडवे बसून कोणाचे तरी ऐकत होते. प्रशिक्षण आले, तिथे नव्या पोरीच्या बोटांवर त्यांची नजर होती. ज्याला नावच नव्हते त्या कामाला इतकी नावे आहेत, हे पाहून तिचा ऊर भरून येई. आणि ते पुस्तकात कुठे कुठे मुळीच सापडत नाहीत, तेही तिला हळूहळू दिसू लागले होते.

“मला पटतं दादाचं,” मावशी म्हणाली. हिशेब आणि खरेदी तिच्याकडे होती, आणि ती पडल्यापडल्याही पाय हलवत असे. “चार वर्षं शिकलीय पोर. शिकून काय गाद्या मोजायच्या?”

“तिला बाहेरून बोलावणं आलंय,” आई म्हणाली.

आई खोळींवरच्या नक्षीचे काम पाही आणि बैठकीत फारशी बोलत नसे. बोलली, की ऐकणारे छतावरची नजर काढून तिच्याकडे वळवत, हे नियमाला सोडून असले तरी. एका मोठ्या रुग्णालयाच्या भरती विभागाने म्हातारीला कॉलेजातूनच निवडले होते, आणि उत्तर उद्या द्यायचे होते. आईने हे सांगितले, आणि मग म्हणाली, तिला जाऊ द्यावे. “नवं दार बसवायचं तर बसवा, पण त्यामागं माझ्या मुलीला बसवू नका. ती इथं राहिली की तुम्ही सगळे तिला आपापल्या बाजूला ओढणार. उद्या तीही अशीच,” ती थांबली, “मधोमध उंच होऊन राहील.”

नवऱ्याच्या गोदामाविषयी ती अक्षर बोलली नाही. माहेरच्या कारखान्यात नवऱ्याची बाजू घेऊन भांडायचे नाही, असे तिने लग्नाच्या वेळीच ठरवून टाकले असावे; आणि ते मौन इतक्या वर्षांत इतके मुरले होते, की आता ते तिचे तिलाही मोडता आले नसते.

“जावईबापू, तुमचं काय?” मामांनी विचारले.

“दादा म्हणतात ते बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “माझ्या हातून चूक झालीच. आणि म्हातारी ते माझ्यापेक्षा चांगलं करील.”

हे त्यांनी अगदी सहज म्हटले. ते रागावले असते तर म्हातारीला बरे वाटले असते.

मामा आता रंगात आले होते. विभाग झाला, की यापुढे प्रत्येक भरती त्याच दारातून होईल, ते म्हणाले. आजवर जे जे मागच्या दाराने आले आहेत त्यांचीही एकदा नीट मुलाखत होईल, मग ते कोणाचे का असेनात. यावर मावशीचे पाय हलायचे थांबले. हिशेबाच्या मेजावर तिच्या नणंदेची मुलगी बसत असे, आणि ती तिथे कोणत्या दाराने आली होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“तसं पाहिलं,” काही वेळाने मावशी छताला उद्देशून म्हणाली, “जावईबापूंचं अगदीच काही वाईट चाललं नव्हतं. एक चूक कुणाच्या हातून होत नाही? माणूस काही गादी नव्हे, दादा, उसवून पुन्हा भरायला.”

“मघाशी तुला पटलं होतं.”

“मघाशी मी विचार करत होते.”

आईच्या गादीवरून हसू दाबल्याचा बारीकसा आवाज आला, आणि म्हातारीलाही हसू फुटले. उन्हातले कण एकदम हेलकावले आणि पुन्हा आपल्या संथ वाटेला लागले. तिला वाटले, आपण सगळे तळ्याच्या तळाशी पडलो आहोत, आणि वर कुठेतरी, फार उंचावर, पाण्याचा पृष्ठभाग आहे. तिथे उद्या आहे, उत्तर आहे, लंबूचे स्टूल आहे.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमची मुलाखत खरंच तशी झाली होती का?”

ती गोष्ट घरात अनेकदा सांगून झालेली होती. तरुण बाबा काम मागायला आले. आजोबांनी त्यांना याच खोलीत नव्या गादीवर पडायला लावले आणि प्रश्न विचारू लागले. उत्तर देता देता बाबांना गाढ झोप लागली. परक्या घरात ज्याला अशी झोप लागते त्याच्या मनात काळेबेरे नसते, असे म्हणून आजोबांनी त्यांना ठेवून घेतले. तेव्हापासून या कारखान्यात उमेदवाराला गादीवर पाडण्याचा प्रघात पडला. जो पेंगेल तो आपला. लंबू तर निवडीच्या वेळी घोरला होता. ही हकिकत म्हातारीने वर्गात सांगितली, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. मॅडम हसल्या नव्हत्या. झोप कुणाला लागली होती, हे नक्की कुणी पाहिले, एवढेच त्यांनी विचारले होते, आणि तो प्रश्न म्हातारीने तेव्हापासून जवळ बाळगला होता.

बाबांनी पोटावरचे हात सोडले.

“मी नव्हतो झोपलो,” ते शेवटी म्हणाले. “तुझे आजोबा झोपले.”

कोपरावर उठायला बैठकीत बंदी होती, पण मामा, मावशी आणि आई, तिघेही उठले. बाबा मात्र छताकडेच पाहत सांगत होते. मुलाखत सुरू झाली तेव्हा आजोबाही शेजारच्या गादीवर पडले होते. आधी त्यांनी घरचे विचारले. मग विचारता विचारता स्वतःचेच सांगू लागले. कारखाना कसा उभा केला, कोण सोडून गेले, कशाची धास्ती वाटते. आणि एका वाक्याच्या अर्ध्यावर त्यांचा डोळा लागला. बाबा उठून त्यांच्या उशाशी बसून राहिले. कामाची माणसे दाराशी येत, त्यांना ते खुणेनेच परत पाठवत. ऊन कलल्यावर आजोबा जागे झाले, अनोळखी पोराकडे पाहत राहिले, आणि उद्यापासून ये म्हणाले.

“बाहेर त्यांनी उलटं सांगितलं. मालकच झोपला असं कसं सांगणार? मग मीही ते तसंच राहू दिलं.”

“म्हणजे इतकी वर्षं,” मामा म्हणाले, “आपण भलत्याच माणसाला गादीवर पाडतोय?”

“आपण पडायला हवं होतं,” मावशी म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. “त्या लंबूला ठेवलं, ते काय तो घोरला म्हणून?”

पुढचे बोलणे काही जुळेना. मावशी चहा टाकायला शेजारच्या खोलीत गेली, आई तिच्या मागोमाग. आणि खाली बसलेल्या दोघांना पाणी तरी विचारून यावे, म्हणून बाबा उठले. खोलीत मामा उरले आणि म्हातारी.

मामा परत आडवे झाले होते, योगायोगाने त्या उंचवट्याच्याच गादीवर. म्हातारी आपली गादी सोडून त्यांच्या जवळ, जमिनीवर येऊन बसली.

“मामा, तुम्हाला शेवटची झोप कधी लागली?”

“ही काय माझी मुलाखत आहे?”

“तसं समजा.”

ते हसले. मग आठवू लागले, आणि आठवेना. वर्गात शिकवले होते, की पहिल्या उत्तरानंतर लगेच दुसरा प्रश्न टाकू नये. खरे उत्तर पुष्कळदा त्या फटीतून येते. ती नुसती बसून राहिली. आणि मामा बोलू लागले, आधी कारखान्याविषयी, मालाविषयी, मग आजोबांविषयी. डोळे मिटले, की खालचे दालन दिसते, ते म्हणाले. आणि त्यात बसलेल्यांपैकी निम्म्यांची नावे येत नाहीत. दिवसा विचारायची लाज वाटते. मालकाने विचारायचे कसे, की बाई, तुझे नाव काय?

“मी खाली उतरलो की सगळे गप्प होतात,” ते म्हणाले. “एक सुई पडली तर ऐकू येईल. आणि जावईबापू गेले, की बोलायला लागतात. जिन्यावर उभा राहून ऐकतो मी कधी कधी. हसतात सगळे. मालक मी आहे ना गं?”

“आहात.”

“मग मला वाटलं, विभाग केला, दार लावलं, की ते बोलणं…” त्यांचा आवाज मंदावला होता. “निदान ते बोलणं एका जागी… म्हणजे मलाही तिथं येऊन…”

तिने त्यांना वाक्य पुरवले नाही. पुरवण्यासारखी पुष्कळ वाक्ये तिला येत होती. ऊन भिंतीवर चढले होते, आणि मामांच्या कपाळावर कापसाचा एक तंतू उतरला, तो त्यांनी झटकला नाही. पुढचा शब्द येईल म्हणून ती वाट पाहत राहिली, आणि मग तिच्या ध्यानात आले की श्वास लांबला आहे.

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि जागीच खिळली. तिच्या खांद्यावरून आईने डोकावले. जिन्याने परतलेले बाबा त्यांच्या मागे येऊन थांबले. इतक्या दिवसांनी मामांच्या कपाळावरची आठी उलगडली होती, आणि ते सर्वांना अगदी आजोबांसारखे दिसले.

“झोपला,” मावशी कुजबुजली. मग तिच्या डोळ्यांत चमक आली. तिने ट्रे खाली ठेवला आणि ती लगबगीने आपल्या गादीवर आडवी झाली. “चला, पडा लवकर. जावईबापू आहेत तिथंच राहणार, गोदाम रद्द, विभाग रद्द. दादाचा होकार. नियमच आहे.”

आई चटकन म्हणाली, “आणि म्हातारी उद्या रुग्णालयाला हो कळवणार.”

“तेही घाल. झोपलाय तोवर.”

दोघी बहिणींचे असे एकमत कैक वर्षांत झाले नव्हते. हात पुढे करायचा अवकाश, की सारे मनासारखे होणार होते. बाबांचे दालन बाबांपाशी राहणार होते. म्हातारीने बाबांकडे पाहिले. त्यांनी नजर खाली घातली. त्यांनाही ते हवे होते, आणि हवे आहे हे म्हणणे त्यांना कधीच जमले नव्हते, जसे नको म्हणणे जमले नव्हते.

“नको,” म्हातारी म्हणाली. “झोपलेल्या माणसाचा होकार मला नको.”

“अगं, आजोबांचा नियम आहे.”

“असू दे. मामा आत्ता माझ्याशी जे बोलले, ते मी गप्प बसले म्हणून बोलले. त्याचा असा फायदा घेतला, तर ते पुन्हा कुणाशी बोलायचे नाहीत.”

“मग उठव त्याला.”

“उठवणारही नाही.”

“आणि खालचे दोघं? त्यांना काय जन्मभर बसवून ठेवायचं?”

बाबा दारातून पुढे आले आणि तिच्याजवळ वाकून अगदी हळू विचारू लागले, ते कॉलेजात शिकवतात ते कसे असते? ती मागे एकदा सांगत होती, नाही कसे म्हणावे ते.

ती त्या वर्गात पहिली आली होती. जोड्या लावून सराव होई. एकाने नोकरी मागायची, दुसऱ्याने नाकारायची. पुष्कळ मुले नाकारताना हसत, लांबण लावत, शेवटी काहीतरी कबूल करून बसत. मॅडम म्हणत, नकार हा दिलेला शब्दच असतो, तो निम्मा देऊ नये.

“पहिल्या वाक्यात नकार,” ती म्हणाली, “दुसऱ्या वाक्यात कारण. आणि मग गप्प.”

“तिसरं वाक्य?”

“तिसरं आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं. ते बोलायचं नाही. समोरच्याला बोलू द्यायचं.”

बाबांनी मान हलवली. “आणि कुणाला नाही म्हणायचं, ते?”

“ते तुम्हाला माहीत आहे, बाबा. सोमवारपासून माहीत आहे.”

त्यांनी मामांकडे एकदा पाहिले, मग जिन्याने खाली गेले. शिवून झालेल्या गाद्या वर ओढून घ्यायला खोलीच्या कोपऱ्यात, कठड्याच्या आत, जमिनीला चौकोनी तोंड ठेवले होते. त्यातून खालच्या दालनातली चाहूल स्पष्ट वर येई. आई आणि मावशी त्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारी मामांच्या उशाशीच बसून राहिली.

पावले थांबली. एक स्टूल करकरले. मग बाबांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा कोरडा.

“सुईबाई, मुकादमाची जागा मी तुम्हाला देणार नाही. स्टुलावर बसलात की तुम्हाला सुई सोडवत नाही, उतरून प्रत्येकीचा टाका स्वतः घालता, आणि तुमच्या हातातली सुई सुटावी अशी माझी इच्छा नाही.”

आणि मग काही नाही.

वरच्या खोलीत आईने कठडा घट्ट धरला होता. ती शांतता लांबत गेली. म्हातारीला वाटले, आता ते बोलणार, आता आणखी काहीतरी देऊ करणार, दुसरे स्टूल, दुसरा हुद्दा, काहीही. पंचवीस वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. कापसाचे कण त्या चौकोनातून वर येत होते की खाली जात होते, कळत नव्हते. बाबा गप्प होते. तिने मनातल्या मनात त्यांचा हात धरून ठेवला.

“हे सोमवारीच का नाही बोललात, बापू?” सुईबाईंचा आवाज आला. त्यात रडू होते आणि आणखीही काहीतरी होते. “त्या स्टुलावर माझी कंबर मोडून गेली. तुम्ही दिलंत म्हणून बसले मी.”

यावरही बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने लंबू काहीतरी पुटपुटला, मग दोन स्टुलांपैकी एक फरशीवरून ओढत कोपऱ्याकडे नेल्याचा आवाज आला. मावशीने पदराने डोळे टिपले आणि चहा निवल्याचे निमित्त करून ती आईला घेऊन आत गेली.

मामा जागे झाले तेव्हा ऊन खिडकीबाहेर गेले होते. ते हलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “झोपलो होतो का मी?”

“हो.”

“म्हणजे ठरलं सगळं.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, नुसती थकलेली समजूत होती. “काय ठरवलंत?”

“काही नाही. तुम्ही उठायची वाट बघत होतो. एवढंच झालं, की खाली बाबांनी सुईबाईंना नाही सांगितलं.”

“जावईबापूंनी?”

“त्यांनीच.”

मामांनी तळहात गादीवर ठेवला आणि उंचवट्यावरून तो हळूहळू फिरवत राहिले, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. “आणि तुझं काय? खोली तुझीच आहे. काचेचं दार मी सांगून ठेवलंय.”

तिला ते दार दिसले, अगदी मुठीसकट. पलीकडे दालन, पांढरे धुके, कोणीतरी दार लोटून आत येत आहे.

“ही जागा मी घेणार नाही, मामा,” ती म्हणाली. “ती रिकामी नाही.”

तिसरे वाक्य तिच्या ओठांवर आले होते. त्यात ते मेज होते, त्या दोन खुर्च्या होत्या, पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या दुपारी होत्या. ते तिने गिळले, आणि गप्प बसली.

खाली कोणीतरी बोलत होते, दोन-तीन आवाज एकमेकांत मिसळलेले, आणि मध्येच सुईबाईंचे हसू आले. मामांनी मान किंचित वळवली आणि ते ऐकले.

“उद्या जावईबापूंना म्हणावं,” ते अखेरीस म्हणाले, “ही गादी उसवून घ्या. उसवताना मी खाली येणार आहे.”

“सांगते.”

त्यांनी कूस बदलली आणि उंचवट्याच्या अलीकडे, जागा होती तेवढ्यात, पाय जवळ घेतले. डोळे मिटल्यावर क्षणभराने हात पुढे आला आणि तिच्या बांगडीशी टेकून राहिला.

“तू आहेस ना थोडा वेळ?”

“आहे,” ती म्हणाली.